मुस्तफा नावाचा खेळ

आमच्या नात्यातले एक बुजुर्ग हाफिज होते. १९९५ सालची गोष्ट असेल. जोहरची नमाज पढून ते सायकलवर घरी चालले होते आणि माळीवाडा स्टँडजवळच्या एका गल्लीत अचानक ब्रेक दाबून थांबले. एका दुकानाच्या मळक्या पडद्याआडून पोरांचा गलका येत होता, "मुस्तफा मेला! अरे मुस्तफा मेला! टाक रुपया, लवकर टाक!"

त्यांनी पडदा सारून आत डोकं घातलं. आत दहा-बारा पोरं, घामाचा वास, आणि मी. "कौन मर गया रे?" त्यांनी विचारलं. कुणीतरी काचेवरच्या पिवळ्या टोपीवाल्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात रुपया पडला आणि मेलेला मुस्तफा उठून उभा राहिला. हाफिजसाहेबांनी मला पाहिलं, पण काही बोलले नाहीत. संध्याकाळी अब्बांकडे निरोप आला: खेलने दो बच्चे को, लेकिन ये नाम लेके 'मर गया, मर गया' मत चिल्लाओ बोलो.

तेव्हा मला हसू आलं होतं. आज वर्गात उर्दू शिकवताना त्यांचं म्हणणं कळतं. मुस्तफा हे पैगंबरसाहेबांचं लाडकं लकब आहे. अर्थ 'निवडलेला, निवडून बाजूला काढलेला'. मराठीत आपण रोज वापरतो तो 'साफ' याच शब्दाच्या घराण्यातला. असं नाव भर बाजारात दर तीन मिनिटांनी मरत असेल, तर एखाद्या हाफिजाला वाईट वाटणारच.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढला. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मार्क शुल्ट्झ नावाच्या अमेरिकन चित्रकारानं १९८७ पासून 'झेनोझोइक टेल्स' नावाची चित्रकथा काढली होती, तिच्यावर हा खेळ बेतलेला. पुढच्या कुठल्या तरी शतकात माणसं आणि डायनोसॉर एकत्र राहतायत, शिकारी टोळ्या डायनोसॉर मारतायत, आणि चार जण त्या टोळ्यांना रोखायला निघालेत: जॅक टेनरेक, हॅना डंडी, मेस ओब्रॅडोविच आणि मुस्तफा कैरो. म्हणजे नायक मंडळी डायनोसॉरच्या बाजूची होती. आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हतं. पडद्यावरची इंग्रजी वाक्यं वाचण्याइतकी इंग्रजी नव्हती आणि वाचण्याइतका वेळही नव्हता. बटण दाबून ती पुढे पळवायची असतात एवढंच ठाऊक. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत आला होता, त्यामुळे डायनोसॉर म्हणजे दुश्मन हे आम्ही ठरवूनच टाकलेलं.

खेळाचं खरं नावही कुणाला माहीत नव्हतं. नगरमध्ये तो 'मुस्तफा'च होता. पुढे कळलं की श्रीरामपूरला, औरंगाबादला, मुंबईला, इतकंच काय सरहद्दीपलीकडे पाकिस्तानातही त्याला मुस्तफाच म्हणत. चार नायकांच्या खेळाला आपल्याकडच्या पोरांनी एकाचंच नाव दिलं, आणि ते नाव त्या चौघांतल्या एकमेव ओळखीच्या नावाचं होतं. ओब्रॅडोविच कोण म्हणणार?

पण नुसत्या ओळखीनं काम भागत नसतं. जॅक सगळ्यात मध्यम, हॅना शस्त्रं वापरण्यात तरबेज, मेस अंगानं दांडगा पण जड. मुस्तफा सगळ्यात चपळ. धावत येऊन तो उडी मारून लाथ घालायचा तेव्हा समोरचे तिघं-चौघं एकदम आडवे व्हायचे. त्यामुळे दुकानात शिरताच पहिलं भांडण व्हायचं ते "मुस्तफा माझा" यावरून. एकानं तो घेतला की दुसऱ्याच्या नशिबी जॅक. माझा एक वर्गमित्र होता, वडील एसटीत कंडक्टर, घरी गणपतीत दहा दिवस आरती. त्याच्याइतका हट्टानं मुस्तफा घेणारा मुलगा मी पाहिला नाही. तो खेळत असला की आम्ही मागे उभे राहून ओरडायचो, "मुस्तफा, डावीकडून! मुस्तफा, पिंप फोड!" आणि तो वळून बघायचा, जणू त्याचंच नाव.

हे कोणत्या वर्षांत चाललं होतं ते आठवा. ६ डिसेंबर १९९२, मग मुंबईतल्या दंगली, मग १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट. नगरला मुंबईची झळ तशी पोहोचली नव्हती, पण हवा पोहोचली होती. अब्बा एसटीनं पुण्याला नेताना सांगायचे, शेजारच्यानं नाव विचारलं तर नुसतं 'शेख' म्हण, जास्त बोलू नकोस. पुढे पुढे म्हणू लागले, घरातलं लाडाचं नावच सांग. अशा दिवसांत एका अंधाऱ्या दुकानात एक नाव असं होतं की ते मिळावं म्हणून पोरं एकमेकांची कॉलर धरत होती. मी याचा फार मोठा अर्थ लावत नाही. हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी तिथे कुणी मुस्तफा निवडत नव्हतं. त्याची लाथ लांब जायची म्हणून निवडायचे. पण तेरा वर्षांच्या मला ते कानाला फार गोड लागायचं, हे खरं आहे आणि ते लिहून ठेवायला हवं.

आता थोडं मागे जाऊ, कारण हा खेळप्रकार आकाशातून पडलेला नाही. १९८४ मध्ये इरेम या जपानी कंपनीनं एक खेळ काढला. एक माणूस डावी-उजवीकडे चालत जातो, वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला लाथा-बुक्क्या घालतो, मजल्याच्या शेवटी एक मोठा पहिलवान, त्याला हरवलं की वरचा मजला. असे पाच मजले. जगभर त्याला 'कुंग-फू मास्टर' म्हणतात. मजल्यामजल्यावर एकेक उस्ताद ही कल्पना ब्रूस लीच्या 'गेम ऑफ डेथ' या सिनेमातली. १९८६ मध्ये टेक्नॉस कंपनीच्या योशिहिसा किशिमोतो यांनी शाळेतल्या मारामाऱ्यांवर एक खेळ केला, त्यात माणूस नुसता डावी-उजवीकडे न जाता वर-खालीही फिरू लागला, म्हणजे रस्त्याला रुंदी आली. आणि पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांचाच 'डबल ड्रॅगन' आला. दोन भाऊ, दोन हँडल, दोघं एकाच वेळी, एकाच बाजूनं.

माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. तोवर दोघांचा खेळ म्हणजे बहुधा आधी तू, मग मी, नाहीतर तू विरुद्ध मी. इथे दोघांचं वैर तिसऱ्याशी. गंमत अशी की 'डबल ड्रॅगन'च्या पार्लरमधल्या मूळ खेळात शेवटच्या बॉसला हरवल्यावर दोघं भाऊ जिवंत असतील तर यंत्र त्यांना एकमेकांशी लढायला लावतं, मुलगी कुणाची हे ठरवण्यासाठी. पूर्ण खेळभर एकमेकांची पाठ सांभाळायची आणि शेवटी हे! भाऊबंदकी जपानलाही चुकलेली नाही.

मग १९८९ मध्ये कॅपकॉमचा 'फायनल फाइट', त्याच वर्षी कोनामीचा निंजा कासवांचा चार जणांचा खेळ, १९९२ मध्ये सहा जणांचा 'एक्स-मेन'. माणसं वाढत का गेली? कारण सरळ आहे. प्रत्येक माणसामागे एक नाणं. एका यंत्रापुढे एकाऐवजी तिघं उभे राहिले तर गल्ल्यात तिप्पट पैसे. मेल्यावर पडद्यावर दहा, नऊ, आठ असे आकडे उतरत जातात, शून्याच्या आत रुपया टाकला तर तिथूनच पुढे, नाहीतर सगळं गेलं. हा हिशेब पोरांच्या काळजाला हात घालणारा होता. दोस्त जिवंत आहे, आपण मेलोय, आकडे उतरतायत, खिशात रुपया नाही. अशा वेळी मागे उभा असलेला कुणीतरी, ज्याचं नावही माहीत नाही, खिशातून रुपया काढून टाकायचा. उधारी म्हणून. मी असे कितीतरी रुपये टाकले आणि घेतले. किती परत गेले ते अल्लाहला ठाऊक.

कंपनीनं हे पैशासाठी केलं, पण त्यातून एक वेगळीच रीत तयार झाली. या खेळांत पडदा एकच असतो. दोघांनाही त्याच चौकटीत राहावं लागतं. एकजण पुढे पळाला आणि दुसरा मागे अडकला, तर पडदा पुढे सरकतच नाही. पुढच्याला थांबावं लागतं, नाहीतर मागे येऊन सोबत्याला सोडवावं लागतं. वाटेतली पिंपं आणि खोकी फोडली की खायचं निघतं, ते उचललं की आपली लाईफ वाढते. समोर एकच तंगडी पडलेली, दोघांचीही पट्टी संपत आलेली. कोण घेणार? यावरून दुकानात जेवढ्या दोस्त्या तुटल्या तेवढ्या परीक्षेतल्या कॉपीवरूनही तुटल्या नसतील. आमच्यात अलिखित नियम होता: ज्याची पट्टी लहान त्यानं घ्यायचं. जो मोडेल त्याच्याबरोबर उद्या कुणी खेळणार नाही. हा नियम यंत्रात कुठेच लिहिलेला नव्हता. यंत्राला काय, कुणीही मेलं तरी रुपया त्याचाच.

मुस्तफात एकावेळी तिघांची सोय होती. आमच्या दुकानातल्या प्लायवूडच्या पेटीला मात्र दोनच हँडल होती, त्यातलं एक ढिलं. तिसरा मागे उभा राहून सल्लागार. नगरमध्ये मोहरमला बारा इमामांची सवारी निघते तेव्हा खांदा देणारे सगळेच मुसलमान नसतात, आणि ज्यांना खांद्याला जागा मिळत नाही ते मागून रेटा देत चालतात. त्या दुकानातली गर्दी मला तशी वाटायची.

१९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आला आणि जगातल्या पार्लरांचा नूर पालटला. तिथे एकास एक कुस्ती, हरलेला उठतो, जिंकलेला बसतो, पुढचा रुपया हरणाऱ्याच्या जागी येणाऱ्याचा. मालकाला हे अधिक परवडतं, कारण डाव दोन मिनिटांत संपतो. पुढे नगरमध्येही 'किंग ऑफ फायटर्स ९७' आला आणि मोठी पोरं तिकडे गेली. तरी मुस्तफाचं यंत्र कुणी हलवलं नाही. कारण नवख्याला तिथेच शिरता येत होतं. एकास एकच्या खेळात नवखा म्हणजे दुसऱ्याच्या हातचा मार. मुस्तफात तो मध्येच रुपया टाकून उतरायचा, जमेल तेवढं मारायचा, जमलं नाही तर दोस्त सांभाळून घ्यायचा. जगभरच्या पंडितांनी हा खेळप्रकार एकसुरी म्हणून निकालात काढला होता. एकसुरी आहेच तो. चालायचं, मारायचं, चालायचं. पण दळणही एकसुरी असतं, दोघी जणी जात्यावर बसल्या की वेळ कळत नाही.

उर्दूचा मास्तर असल्यानं मला यात आणखी एक जुनी ओळख दिसते. दास्तान-ए-अमीर हमजा. हमजा निघतो, वाटेत दुश्मन, पुढे देव, त्यापुढे जादूगार, प्रत्येक तिलिस्माच्या शेवटी एक बलाढ्य मालक, तो पडला की पुढचा तिलिस्म. सोबतीला अमर अय्यार, त्याच्या झोळीत, म्हणजे झंबीलमध्ये, जग मावेल एवढं सामान. अकबर बादशहानं या दास्तानची सुमारे चौदाशे मोठी चित्रं काढून घेतली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे शेहेचाळीस खंड काढायला घेतले, त्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' १८८३ पासून छापला जाऊ लागला. त्याच काळात आपले सुधारक म्हणत होते की या दास्तानांनी तरुण पिढी वाया चालली आहे, कामधंदा सोडून रात्र रात्र ऐकत बसतात. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि त्यानंतर ही कला गेली म्हणून हळहळणारेही त्याच घरांतले निघाले. मुस्तफाला शेहेचाळीस खंडांची भाषा नाही, ती श्रीमंती नाही, हे कबूल. पण दास्तान कुणी एकट्यानं ऐकत नसे. हुंकार देणारे लागत. आमच्या दुकानात हुंकार भरपूर होता.

आणि हेही सांगितलं पाहिजे की सगळंच काही निरागस नव्हतं. काही पार्लरांत मागच्या खोलीत पैसे लावायची यंत्रं असायची, तिथे मोठी माणसं बसायची, पोलिसांच्या धाडी पडायच्या. एका शिक्षकांनी मला तिथून निघताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभं करून छडी तुटेपर्यंत मारलं. मी पुढच्या खोलीतला होतो हे सांगायची सोय नव्हती. चोरीही होती. गॅसच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीजवळ उडवली की फुकट डाव मिळतो, ही विद्या कुणीतरी मुंबईहून आणली होती.

२००० नंतर दुकानं एकेक करून गेली. सायबर कॅफे आले. मी बी.एड. करत होतो तेव्हा एका कॅफेत फॉर्म भरायला गेलो, तर शेजारच्या कॉम्प्युटरवर एक मुलगा जुने पार्लरचे खेळ खेळत होता. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं १९९७ मध्ये 'मेम' नावाचा प्रोग्राम काढला होता, त्यानं जुनी यंत्रं कॉम्प्युटरवर जशीच्या तशी चालतात. मी विचारलं, यात मुस्तफा आहे का? आम्ही 'एम'खाली शोधलं. नाही मिळाला. मग त्यानं 'डिनो' नावाची फाईल उघडली आणि पडद्यावर ते मोठं इंग्रजी नाव आलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी मला कळलं की मी लहानपणी काय खेळत होतो. आणि 'मुस्तफा कैरो' हे पूर्ण नावही तेव्हाच नीट वाचलं. कैरो म्हणजे अल-काहिरा, मात करणारी नगरी. मराठीतला 'कहर' त्याच धातूचा. निवडलेला, मात करणारा. त्या अमेरिकन चित्रकाराला हे माहीत होतं की नाही, कोण जाणे.

लांबच्या दोस्ताबरोबर इंटरनेटवरून हे खेळ खेळायची धडपडही तेव्हापासूनची. अडचण एकच: इथे दाबलेलं बटण तिथे पोहोचायला वेळ लागतो. आधीची युक्ती अशी होती की दोघांनाही तेवढा वेळ थांबवायचं, त्यामुळे लाथ मारली की अर्ध्या क्षणानं बसायची. २००६ च्या सुमारास टोनी कॅनन या अमेरिकन प्रोग्रामरनं दुसरी युक्ती लोकांपुढे आणली. समोरचा काय दाबणार याचा यंत्रानं अंदाज करायचा आणि खेळ चालू ठेवायचा. अंदाज चुकला तर गुपचूप काही क्षण मागे जाऊन दुरुस्त करून परत यायचं, इतक्या चटकन की डोळ्याला कळू नये. यामुळे लांब बसलेली दोन माणसं पुन्हा शेजारी उभी राहिल्यासारखी खेळू लागली. मेला म्हणून ठरवलेला हा खेळप्रकारही उठला. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपले सात जुने खेळ ऑनलाइन सोयीसह एकत्र काढले. त्यात मुस्तफा नव्हता. पार्लरमधला मुस्तफा कंपनीनं घरच्या यंत्रावर आजवर अधिकृतपणे आणलेलाच नाही. ३० एप्रिल २०२० ला, जग घरात कोंडलेलं असताना, 'स्ट्रीट्स ऑफ रेज ४' आला. २०२२ मध्ये निंजा कासवांचा नवा खेळ, ऑनलाइन सहा जणांपर्यंत.

माझ्या मुलाची पिढी मात्र आधी पब्जीत वाढली. जिओ २०१६ मध्ये आला, मग फोन स्वस्त झाले, मग पब्जी, मग २ सप्टेंबर २०२० ला त्यावर बंदी. शंभर जण उतरतात, शेवटी एकच उरतो किंवा एकच टोळी. लॉकडाऊनमध्ये तो अनोळखी मुलांच्या टोळीत खेळायचा, कानाला हेडफोन. एकदा त्यानं सहज आपलं नाव सांगितलं. पलीकडून जे ऐकू आलं ते मी इथे लिहिणार नाही. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खेळातलं नाव बदललेलं होतं, इंग्रजीतलं काहीतरी, ज्यावरून काहीच कळत नाही. मी त्याला काय सांगणार होतो? अब्बांनी एसटीत मला जे सांगितलं तेच त्यानं स्वतःला सांगितलं होतं.

पालकसभेत मला विचारतात, सर, हे गेम वाईटच ना? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो मला पटतो; पैशापायी मोडलेली घरं माझ्याच शाळेच्या पटावर आहेत. पण मागची खोली आणि पुढची खोली यात फरक करा एवढंच मी सांगतो. बऱ्याच जणांना ते पटत नाही.

गेल्या रमजान ईदच्या सुट्टीत मी आणि मुलगा लॅपटॉप घेऊन बसलो. जुने खेळ ऑनलाइन खेळता येतील अशी जुळणी त्यानं करून दिली. कंडक्टरचा तो मुलगा, माझा वर्गमित्र, आता चाकणला कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याला फोन लावला, त्याच्या मुलीनं तिकडची जुळणी केली. पंचवीस-तीस वर्षांनी आम्ही पुन्हा एका पडद्यावर. निवडायची वेळ आली, चौघं ओळीत उभे. मी पिवळ्या टोपीकडे जातोय तोवर फोनवरून आवाज आला, "ए शेख, मुस्तफा माझा आहे."

मी जॅक घेतला. माझा मुलगा फोनकडे बघत होता, आवाज कुणाचा ते विचारत होता. पहिल्याच स्टेजला दोघंही तीनदा मेलो, रुपये टाकायचे नव्हते, नुसतं बटण दाबायचं होतं, तरी वर्गमित्र ओरडलाच, "मुस्तफा मेला, टाक लवकर!" मी आपलं दार लावून घेतलं. हाफिजसाहेबांचं घर आमच्या शेजारीच आहे, आता त्यांचे नातू राहतात.